खुन्नसअप्पांची निवड

खुन्नसअप्पा केस कापायला मुरूमला जात. उमरग्यात त्यांच्या दुकानासमोरच न्हाव्याचं दुकान होतं, पण त्या न्हाव्यानं अप्पांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांची मिशी एका बाजूनं जरा जास्त उडवली होती. लग्नाच्या सगळ्या फोटोंत अप्पा मान तिरकी करून उभे आहेत ते त्यामुळं. तेव्हापासून त्यांनी उमरग्यातल्या एकाही न्हाव्यापुढं डोकं वाकवलं नाही. पुढं तो न्हावी वारला, मुलानं दुकान नवं केलं, फिरत्या खुर्च्या आणल्या आणि स्वतः येऊन अप्पांना आग्रहाचं बोलावणं केलं. अप्पा गेले, खुर्चीत बसले, आरशाच्या वर हार घातलेला म्हाताऱ्याचा फोटो दिसला तसे उठले आणि मुरूमची गाडी धरली.

"पोरगं चांगलं हाय," ते मला म्हणाले, "पर त्यो वरनं बघत व्हता."

खुन्नसअप्पा हे नाव त्यांना आमच्या सलीमभाईंनी दिलं आणि त्यांनी ते सत्काराच्या शालीसारखं अंगावर घेतलं. खरं नाव शिवलिंगप्पा. उमरग्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं अडत दुकान होतं. घरात कानडी, दुकानात मराठी आणि राग आला की दोन्ही. पण या भागात लोक त्यांना ओळखत ते 'पाणीमहाल'मुळं. 'पाणीमहाल' म्हणजे आमचा रॉक बँड. कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेला, नळदुर्गच्या किल्ल्यातल्या महालावरून नाव घेतलेला, गावच्या जत्रेपासून हैदराबादपर्यंत वाजलेला. त्या बँडचे ड्रम अप्पांनी तीसेक वर्षं वाजवले. तुमच्यापैकी कुणी कधी गणपतीत किंवा कारखान्याच्या मैदानावर आम्हाला ऐकलं असेल तर छातीत जे धडधडलं असेल ते अप्पा होते.

अशा माणसांवर लिहिताना शेवटी लिहायची पद्धत आहे की वरून कडक, पण मन मात्र लोण्यासारखं. अप्पांचं नव्हतं. त्यांचं मन मोंढ्यातल्या तुरीसारखं होतं, कितीही भिजवा, आतून टणकच. मला ते तसेच आवडत होते. आणि मी हे लिहितेय ते नुसती आठवण म्हणून नव्हे. मलाही एकाचा वचपा काढायचा आहे, आणि तो कसा काढावा हे मी अप्पांकडंच शिकले.

हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या अलीकडं एक ढाबा आहे. ट्रकवाले तिथल्या पिठल्यासाठी वाट वाकडी करून थांबतात. आम्ही कधी थांबलो नाही. बँडच्या सुरुवातीच्या दिवसांत तिथं जेवताना अप्पांनी चमच्यानं ताटावर ठेका धरला होता, तेव्हा मालक गल्ल्यावरून ओरडला होता, "ती बडवाबडवी बंद करा." अप्पांनी हात धुतले ते कायमचे. त्यानंतर सोलापूरचा कार्यक्रम असो की पुण्याचा, गाडी त्या ढाब्यापाशी आली की अप्पा ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवत आणि गाडी पुढं जाई. भुकेनं आमच्या पोटात कावळे ओरडत असत आणि खिडकीतून फोडणीचा वास येई. आमचे गिटारवाले सलीमभाई म्हणत, "अप्पा, आपकी खुन्नस में हम उपाशी मरते." अप्पा डोळे मिटून बसत.

मी एकदा त्यांना म्हटलं, "अप्पा, सोडून द्या की. किती वर्षं झाली."

"तंगी," ते म्हणाले. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी बँडमध्ये आले त्या दिवसापासून मला तेच नाव पडलं. "तंगी, खुन्नस ताजी ठिवावी लागती. रोज जरा हलवायची, ऊन दाखवायचं. शिळी झाली की आपल्याच पोटात दुखतंय."

मी बँडमध्ये शेवटची आलेली. उमरग्यात मी रक्ततपासणीची लॅब चालवते. दिवसभर सुया आणि नळ्या, संध्याकाळी कीबोर्ड. आधीचा कीबोर्डवाला दुबईला गेला आणि कुणीतरी अप्पांना सांगितलं की त्या लॅबवाल्या बाई पेटी बरी वाजवतात. पहिल्या तालमीला मी उशिरा पोचले. अप्पा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर दहा वर्षं त्यांनी मला प्रत्येक तालमीची वेळ अर्धा तास आधीची सांगितली. इतरांना सहा, मला साडेपाच. मला हे कळलं तेव्हा बँड जवळजवळ संपत आला होता.

तालीम व्हायची ती त्यांच्या गोदामात. सोयाबीन आणि तुरीची पोती छतापर्यंत रचलेली असली की आवाज त्या पोत्यांत मुरायचा आणि प्रत्येक ठोका कोरडा, स्वच्छ ऐकू यायचा. उन्हाळ्यात माल उचलला गेला की गोदाम घुमायला लागे आणि अप्पा तालीम बंद ठेवत. त्यामुळं आमचा बँड सोयाबीनच्या हंगामाबरोबर तयार होई. तालमीत कुणी चुकलं की अप्पा उजव्या हातातली काठी वर धरत आणि एकच शब्द म्हणत, "साकु." म्हणजे पुरे. त्या शब्दानंतर कुणीही, अगदी आमचा गायकसुद्धा, एक सूर पुढं काढत नसे.

आता त्या गायकाविषयी. त्याला सगळा तालुका 'हिरो' म्हणायचा. केस, चष्मा, चाल, सगळं तसंच. अप्पांच्याच वर्गातला, अप्पांच्याच गल्लीतला. बँडला नाव मिळालं तसा तो पुण्याला गेला आणि कार्यक्रमापुरता येऊ लागला. मी त्याला दादा म्हणत असे. आवाज मात्र होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. 'कोरड' नावाचं आमचं गाणं होतं, दुष्काळाचं. त्याच्या शेवटच्या कडव्यात तो वरच्या पट्टीत एक ओळ लांबवायचा आणि मैदानातली माणसं बसलेली उठून उभी राहायची.

मी आले तोवर त्याचा दम कमी पडायला लागला होता. सिगारेट, जागरणं, वय. त्या लांब ओळीच्या आधी त्याला श्वास पुरेना. आणि इथं मला अप्पांची ती गोष्ट सांगायची आहे, जिच्यासाठी हे सगळं लिहिणं आहे. अप्पा मागं बसलेले असत, त्यांना हिरोची फक्त पाठ दिसे. दम संपत आला की हिरोचा डावा खांदा जरा वर जायचा. तो वर गेला की अप्पा ठेक्यात दोन ठोके जास्तीचे घालत. दणदणीत, मुद्दाम घातल्यासारखे. तेवढ्यात हिरो श्वास भरून घ्यायचा आणि मग ओळ सुरू. आम्हाला खूण म्हणून अप्पा हनुवटी खाली करत, आम्ही थांबत असू. लोकांना ते दोन ठोके इतके आवडू लागले की ते तिथं टाळ्या देऊ लागले. कुणाला वाटलंही नाही की एक माणूस दुसऱ्याला तिथं हात देतोय.

याबद्दल अप्पांनी हिरोला कधी एक शब्द सांगितला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "सांगितलं तर त्याचा दम अजून तुटंल. गाणाऱ्याला आपला दम पुरतोय असंच वाटाय पायजे."

मग बँड बंद पडल्यावर पुण्याच्या एका गाण्यांच्या कंपनीचा फोन आला. बँडच्या शेवटच्या दहा वर्षांतल्या कार्यक्रमांचे निवडक तुकडे काढून एक संग्रह करायचा होता. आमचं सगळं ध्वनिमुद्रण अप्पांकडंच होतं. आवाजाची सगळी यंत्रणा त्यांच्या मालकीची. प्रत्येक माईकचं वेगळं मुद्रण होई आणि त्या हार्ड डिस्क ते दुकानातल्या देवाच्या कोनाड्यात, लिंगाशेजारी ठेवत. मीच त्यांच्या प्रती काढून पुण्याला नेऊन दिल्या. निवड हिरोनं करायची असं ठरलं, कारण तो पुण्यात होता आणि त्याला वेळ होता.

संग्रह निघाला त्या दुपारी आम्ही तिघं गोदामात बसलो, अप्पा, सलीमभाई आणि मी. अक्कांनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, कौतुकानं हुग्गी, आमच्याकडची गव्हाची खीर, केली होती. मी फोन स्पीकरला जोडला. पहिलंच गाणं 'कोरड'. चार ओळी झाल्या आणि अप्पांनी वाटी खाली ठेवली.

"हे म्या न्हाय," ते म्हणाले.

ते नव्हतेच. गर्दी आमची होती, सलीमभाईंची गिटार होती, माझा कीबोर्ड होता, पण ड्रम दुसऱ्याच कुणीतरी पुण्यात बसून वाजवून वरून चिकटवले होते. ठेका घड्याळासारखा सरळ. आणि ते दोन ठोके कापून टाकले होते; हिरोची ओळ एका श्वासात सरकत आल्यासारखी जोडली होती. सगळी गाणी तशीच. संग्रहाच्या मुखपृष्ठावर अप्पांचा फोटो होता, काठ्या उगारलेला.

दोन दिवसांनी हिरोची मुलाखत आली. त्यात तो हसत हसत म्हणाला, "अप्पांचं वय झालं. शेवटी शेवटी ठेका डगमगायचा, मध्येच थांबायचे. आम्ही प्रेमापोटी सांभाळून घेतलं." खाली लोकांनी लिहिलं होतं की ड्रमवाले काका थकले होते वाटतं. इतकी वर्षं ज्यानं हिरोला दम पुरवला त्याच्या नावावर हिरोनं आपला दमा खपवला. आजही ती मुलाखत आठवली की मी सुई बाजूला ठेवते आणि पेशंटला जरा थांबायला सांगते.

अप्पा मात्र गल्ल्यावर बसून शांतपणे सोयाबीनचा भाव बोलत होते. त्यांची शांतता मला ओळखीची होती. ढाब्यावरून गाडी पुढं जाताना ते असेच बसत.

"सांभाळून घेतलं म्हणं," दुपारी माणसं पांगल्यावर ते म्हणाले. मग कोनाड्याकडं बोट केलं. "डिस्क काढ, तंगी. आता आमी निवडतो."

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे. लॅब दुपारी बंद असते, तेव्हा मी गोदामात जाई. आमचं ठरलं होतं की संग्रहाला संग्रहानंच उत्तर द्यायचं. प्रत्येक माईक वेगळा होता, म्हणजे हिरोचा माईक एकटा ऐकता येत होता. तो आम्ही ऐकला. धापा, खोकला, विसरलेले शब्द, दोन गाण्यांच्या मध्ये पाणी देणाऱ्या पोराला घातलेल्या शिव्या. अप्पा गुडघ्यावर थाप मारत. "हे घे. हे बी घे. ह्ये तर पयलंच ठिव." मीही काही कमी नव्हते. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या कार्यक्रमात त्याचा आवाज जिथं फाटला तो तुकडा मी तीनदा वाजवून घेतला, निव्वळ गोडी म्हणून.

सलीमभाईंना हे आवडलं नाही. ते म्हणाले, "उसको मालूमच नहीं होगा अप्पा. तुमने बताया कब? उसको लगा, तुम चुकते."

"त्याला ठाऊक आहे," मी म्हटलं. "दहा वर्षं ज्या माणसाला बरोबर लागेल तिथं श्वास मिळतो, त्याला कळत नाही होय?"

अप्पांनी चालू तुकडा बंद केला. मग म्हणाले, "तेच कळाय पायजे. ठावं नसंल तर त्यो गाढव. गाढवावर म्या खुन्नस धरत न्हाय."

पण निवड पुरी करायला बसल्यावर वेगळंच झेंगट उभं राहिलं. नुसता हिरोचा माईक ठेवला तर त्याची फजिती होत होती, पण त्यात ड्रम नव्हते. अप्पा म्हणाले, "लोकं त्याला हसतील. पर म्या कुठं हाय ह्यात?" मग ड्रम घालून ऐकलं. आणि ड्रम आले की हिरो चांगला वाटू लागला. जिथं जिथं तो पडत होता तिथं तिथं अप्पांनी त्याला उचललं होतं. शब्द विसरला तिथं झांजेवर असा काही आवाज की वाटावं तिथं शब्द नव्हताच. ढोकीच्या कारखान्याच्या मैदानावर तर कमाल होती. शेजारच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर स्वतःचं गाणं कर्ण्यावर लावून चालला होता, हिरो त्यानं बिथरून थांबला, तर अप्पांनी ठेका वाकवून त्या ट्रॅक्टरच्या गाण्याला जाऊन भिडवला, ट्रॅक्टर लांब जाईस्तोवर त्याच्याबरोबर चालले आणि परत आमच्या गाण्यात आले. मैदानानं शिट्ट्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं होतं. श्रेय हिरोला मिळालं होतं, कारण माईक त्याच्या हातात होता.

अप्पा चिडले. गोदामात येरझाऱ्या घालू लागले. "म्याच सगळं झाकून ठिवलंय. आता उकरायचं म्हणलं तर माझं मलाच उकराय लागतंय." मी म्हटलं, नुसत्या त्याच्या माईकचेच तुकडे टाकू या, होऊ दे शोभा. ते थांबले आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या मिशीला हात लावला. "माझ्या नावावर घाण वाजणार न्हाय. त्याचीबी न्हाय."

तेवढ्यात बातमी आली की हिरो नवा बँड घेऊन धाराशिवला येतोय. पुण्याची मुलं, सभागृहातला कार्यक्रम, संध्याकाळचा. मला वाटलं अप्पा पेपर फाडतील. त्यांनी तो नीट घडी घालून ठेवला.

"पुढच्या रांगेतली तिकटं काढ," ते म्हणाले. "शेंगा घेऊन जाऊ."

आम्ही दोघं गेलो. अप्पांनी मुरूमहून केस कापून आणले होते, पांढरा शर्ट घातला होता. पुढच्या रांगेत मधोमध बसले, मांडीवर शेंगांचा कागद. हिरोनं मंचावर येताच त्यांना पाहिलं, हात जोडले, माईकवरून म्हणाला की आमचे अप्पा आले आहेत, टाळ्या होऊ द्या. टाळ्या झाल्या. अप्पांनी एक शेंग फोडली. ड्रमवर एक तरतरीत मुलगा होता, कानाला यंत्र लावलेलं, त्यात ठेका टकटक वाजत असणार. तो वाजवत होता छान. फक्त तो हिरोच्या खांद्याकडं बघत नव्हता, त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

मी फोनवर मुद्रण सुरू केलं होतं. 'कोरड' आलं. शेवटचं कडवं आलं. हिरोचा डावा खांदा वर गेला. मुलगा सरळ पुढं निघून गेला. आणि सभागृहातल्या लोकांनी, आमच्याच भागातल्या, उमरगा-नळदुर्गच्या लोकांनी, सवयीनं त्या जागी दोन टाळ्या दिल्या. ड्रम पुढं, टाळ्या मागं, आणि मधे हिरो. त्याची ओळ अर्ध्यात तुटली आणि खोकला लागला. मी अप्पांकडं पाहिलं. त्यांचा उजवा पाय आपोआप हलायला लागला होता, बास ड्रमवर हलायचा तसा. त्यांनी डावा पाय त्याच्यावर ठेवला आणि दाबून धरला.

हिरोनं हसून ते कडवं पुन्हा घेतलं. पुन्हा ती जागा आली. या वेळी खांदा वर गेला आणि त्याबरोबर तो मागं वळला. पूर्ण वळला, ड्रमकडं, काहीतरी मागितल्यासारखा. तिथं ते पोर होतं, मान खाली घालून वाजवणारं. लोकांच्या दोन टाळ्या पडल्या. हिरो वळलेलाच राहिला आणि ओळ निघालीच नाही.

"बगितलंस?" अप्पा हळूच म्हणाले. "वळला. त्याला ठावं व्हतं."

मला आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला असेल, आणि तो आनंद लपवायची मला आजही गरज वाटत नाही. अप्पांनी कागदातल्या उरलेल्या शेंगा मला दिल्या, हात झटकले आणि कार्यक्रम संपायच्या आत आम्ही निघालो. वाटेत नळदुर्ग ओलांडताना मी ड्रायव्हरच्या खांद्याकडं बघत होते. ढाब्याच्या अलीकडं अप्पांनी हात ठेवला आणि म्हणाले, "आत घे."

सलीमभाई असते तर चक्कर येऊन पडले असते. आत तोच मालक होता, म्हातारा झालेला, गल्ल्याशेजारी एक मोठा स्पीकर ठणाणत होता. अप्पा सरळ त्याच्यापाशी गेले. "ती बडवाबडवी बंद करा," ते म्हणाले. मालकानं मुकाट्यानं आवाज बंद केला, त्याला काही आठवलं नसावं. मग अप्पांनी पिठलं-भाकरी मागवली आणि दोन वेळा पिठलं वाढून घेतलं. "बरं करत्यात," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी निवड तासाभरात झाली. अप्पांनी ठरवलं की सगळं ड्रमसकट ठेवायचं, जसं वाजलं तसं, दोन ठोक्यांसकट. ढोकीचा ट्रॅक्टर घेतला. कलबुर्गीला वीज गेली आणि अंधारात ड्रमच्या ठेक्यावर सगळं मैदान गायलं, ते कुणाच्या तरी फोनवरचं घेतलं. नळदुर्गचं वाऱ्यामुळं टाकून दिलं, मला वाईट वाटलं तरी. माझ्या एका चुकीसाठी कोल्हापूरचं अख्खं गाणं काढलं आणि वर मला ऐकवलं की त्या दिवशीबी तू उशिराच आलतीस. मग म्हणाले, "शेवटाला कालचं लाव. तुझ्या फोनवरचं."

"अप्पा, त्यात तुम्ही नाही आहात."

"म्हणून तर," ते म्हणाले. "ह्यात म्या सगळ्यात भारी वाजिवलंय."

त्यानंतर सोयाबीनचा हंगाम आला, गोदाम भरलं, पण तालीम झाली नाही. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांचं डोकं टेबलावर टेकलं, अक्कांना वाटलं डुलकी लागली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं अप्पांना मातीला बसवून नेलं, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पाठ ताठ. ड्रमवर बसत तसेच दिसत होते. सलीमभाई माझ्या शेजारी उभे राहून रडत होते. हिरो पुण्याहून आला, काळा चष्मा लावून. मातीजवळ त्यानं चार शब्द बोलायची तयारी दाखवली. अक्कांनी त्याच्याकडं न बघता कानडीत मला सांगितलं की याला सांग, इथं माईक नाही. मी ते शब्दाला शब्द मराठीत सांगितलं.

तेराव्या दिवसानंतर मी संग्रह सगळीकडं टाकला. नाव ठेवलं 'अप्पांची निवड'. मी कुठं काही लिहिलं नाही, कुणावर आरोप केला नाही. फक्त 'कोरड' दोनदा ठेवलं, सुरुवातीला अप्पांसह आणि शेवटी अप्पांशिवाय. ऐकणाऱ्याला कान असतात. आठवड्याभरात लोक एकमेकांना त्या दोन ठोक्यांची जागा दाखवू लागले. त्या संध्याकाळी सभागृहात असलेल्या कुणीतरी हिरोच्या मागं वळण्याची गोष्ट सांगितली. पुढच्या रांगेतल्या आणखी एकानं ते चित्रित केलं होतं, ते फिरू लागलं. ड्रमवाले काका थकले होते असं लिहिणारे लोक आता दुसरंच काही लिहीत होते. मी दुपारी लॅबमध्ये बसून ते एकेक वाचत असे. अप्पा म्हणायचे तसं, रोज जरा हलवायची, ऊन दाखवायचं.

मग हिरोचा फोन आला. आधी गोड बोलला. निवड फार सुंदर झालीय, अप्पा काय वाजवायचे, ढोकीचं ऐकून डोळ्यांत पाणी आलं. मी ऐकून घेतलं.

"तेवढा शेवटचा तुकडा काढ," तो म्हणाला. "बाकी सगळं राहू दे. माझे पुढचे कार्यक्रम रद्द व्हायला लागलेत गं."

"काढते, दादा," मी म्हटलं. "तुम्ही तेवढी मुलाखत परत द्या. कोण कुणाला सांभाळून घेत होतं ते स्वतः सांगा."

"मला खरंच माहीत नव्हतं. तुझ्या गळ्याची शपथ, मला वाटायचं अप्पा चुकतात."

"मग त्या दिवशी मागं वळून काय शोधत होता?"

फोनवर मला त्याचा श्वास ऐकू आला. लांब वाक्य बोलायच्या आधी तो जसा घ्यायचा तसा, अडकत, शिट्टीसारखा. दहा वर्षं मी त्या श्वासासाठी कीबोर्डवर हात थांबवला होता. आताही थांबला. माझं मलाच कळायच्या आत मी दोन ठोके वाट पाहिली, त्याचा श्वास पुरा होऊ दिला. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "साकु, दादा," आणि फोन ठेवला.